कुंपणापलीकडे काय साठवले आहे?

जवळा बाजारात शिकून गेलेले आमचे अनेक विद्यार्थी आज डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर, चाकण येथील औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहतात. तेथे भाडे परवडते आणि कामही जवळ असते. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही विज्ञान शिक्षक त्यांना आणि त्यांच्या पालकांना एकच प्रश्न विचारू इच्छितो: शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, हे आपणास ठाऊक आहे काय?

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा जणांचा बळी गेला. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत पुन्हा भीषण स्फोट झाला. पहिल्या दुर्घटनेनंतरही कारखाने आणि घरे एकमेकांना खेटूनच राहिली होती.

रहिवाशांना माहिती नसणे किती महाग पडते, हे भोपाळने दाखविले. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत पसरला. लोक जीव घेऊन पळत सुटले. धावताना श्वास अधिक घ्यावा लागतो, त्यामुळे वायूही अधिक पोटात गेला. डोळ्यांवर व नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी सूचनाही वस्तीपर्यंत पोहोचलेली नव्हती.

वायुगळतीच्या वेळी वाऱ्याच्या दिशेने पळू नये. वाऱ्याला आडवे जाऊन वायूच्या पट्ट्यातून बाहेर पडावे. क्लोरीनसारखा जड वायू असेल तर तळघर हा आसरा नव्हे, वरचा मजला बरा. बाहेर पडणे शक्यच नसेल तर दारे-खिडक्या लावून, कूलर बंद करून फटींवर ओली फडकी लावावीत.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्यांची आणि आणीबाणीत काय करायचे याची माहिती कामगारांबरोबरच परिसरातील जनतेलाही देणे व्यवस्थापनावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरील परिसरासाठीही आपत्कालीन आराखडा आणि त्याची रंगीत तालीम आवश्यक ठरविली. कायदा आहे, पण माहिती मागणारा रहिवासी क्वचितच आढळतो, आणि शहराची तयारी नेमकी येथेच लुळी पडते असे आमचे मत आहे.

किरणोत्सारी पदार्थांचा धोका आणखी फसवा, कारण त्याला वास नाही, रंग नाही. दिल्ली विद्यापीठातील वापरात नसलेले एक उपकरण २०१० साली भंगारात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते सुटे करताना त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडले. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले. आपल्या समाजातील काही कुटुंबे भंगाराच्या व्यवसायात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पिवळ्या पाटीवर काळ्या तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले, किंवा आकाराच्या मानाने फार जड अशी शिशाची पेटी हाती आली, तर ती फोडू नये. दूर व्हावे, इतरांना दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे.

उलट, आपल्या औंढा तालुक्यात उभ्या राहणाऱ्या लायगो प्रकल्पाविषयी अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तेथे लेसर प्रकाशाच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी मोजल्या जाणार आहेत. अणुभट्टीशी त्याचा संबंध नाही.

मग गावाकडे राहिलेले सुरक्षित काय? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. घाम, लाळ, आकसलेल्या बाहुल्या ही लक्षणे दिसताच रुग्णाला दवाखान्यात न्यावे आणि औषधाचा डबा सोबत घ्यावा. त्यावरील नावावरून डॉक्टरांना उतारा ठरविता येतो.

औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्या परिसराचा आपत्कालीन आराखडा स्थानिक प्रशासनाकडे मागा आणि काय उत्तर मिळाले ते शाळेला पत्राने कळवा. ती पत्रे आम्ही दहावीच्या वर्गात वाचून दाखवू.