कंपनीचा डेक जागेवर ठेवून प्रोसेसर कसा जोडावा?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कोणत्याही उपनगरात जा. सीट कव्हर, डेक आणि स्पीकर बसवून देणारी छोटी दुकाने दिसतात. एकेकाळी या धंद्याचे गणित सरळ होते. मारुती ८०० सारख्या गाडीचा जुना डेक काढायचा, नवा बसवायचा आणि मजुरी घ्यायची. आता कंपनीच टचस्क्रीन देते. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये स्मार्टप्ले आणला. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलमध्ये सोनीचे बारा स्पीकर आले. रिव्हर्स कॅमेरा, फोन, काही गाड्यांत एसीसुद्धा त्याच पडद्यावर चालतो. असा डेक सहसा काढता येत नाही. त्यामुळे फक्त डेक विकणाऱ्याचे काम कमी होणार. पण डेक जागेवर ठेवून आवाज सुधारणाऱ्या कारागिराला मागणी राहणार. हे काम तरुणांनी नीट शिकून घ्यावे.

प्रोसेसर हा डेक आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो. डेककडून आवाज घेतो, दुरुस्त करतो आणि ॲम्प्लिफायरमार्फत प्रत्येक स्पीकरला वेगळा पाठवतो. कंपनीने आवाजात केलेला कायमचा फेरफार तो सरळ करू शकतो. मात्र काही डेक आवाज वाढवला की बास आपोआप कमी करतात. ते पूर्ण सुधारत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे.

पहिली पायरी : बॅटरीची निगेटिव्ह तार सोडूनच डॅशबोर्ड उघडावा. पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये. विजेच्या गाडीतील नारिंगी केबल तर अजिबात छेडू नये.

दुसरी पायरी : वायर कापू नये. त्या गाडीचे टी-कपलर मिळत असेल तर तेच वापरावे. वायर कापली की वॉरंटीचा वाद उभा राहतो आणि त्याचा भुर्दंड दुकानदारावर येतो.

तिसरी पायरी : सर्व कपलर पुन्हा जोडून, बॅटरी लावून, डेक चालू करून मल्टीमीटरने स्पीकरच्या तारा तपासाव्यात. बहुतेक डेकमध्ये दोन्ही तारांवर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, दिसतात. याचा अर्थ दोहोंपैकी एकही तार अर्थिंगची नाही. काळी पट्टी पाहून ती तार बॉडीला जोडली, तर डेकचा आयसी जळू शकतो. या तारा प्रोसेसरच्या हाय-लेव्हल इनपुटलाच द्याव्यात. कंपनीचा वेगळा ॲम्प असेल, तर वूफर आणि ट्वीटरचे आवाज वेगवेगळ्या तारांवर येतात. ते प्रोसेसरमध्ये एकत्र करून घ्यावे लागतात.

चौथी पायरी : ॲम्पचा करंट डेकच्या तारेतून घेऊ नये. २०० वॉटच्या ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तो २५० वॉट ओढतो. १२ व्होल्टवर हे सुमारे २१ ॲम्पिअर झाले. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड तार आणावी आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ३० ॲम्पिअरचा फ्यूज लावावा. फ्यूज दूर असेल आणि त्याआधीच तार पत्र्यावर घासली, तर गाडी पेटू शकते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. पण ती त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका करंट वाहू शकत नाही. तांब्याचे पैसे घेतले तर तांबेच घालावे.

पाचवी पायरी : किल्ली काढल्यावर प्रोसेसर बंद होतो का, हे पाहावे. अर्धा ॲम्पिअर जरी चालू राहिला तरी तीन दिवसांत ३६ ॲम्पिअर-तास खर्च होतात. छोट्या गाडीची ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तेवढ्यात संपते आणि ग्राहक सोमवारी सकाळी दारात उभा राहतो.

शेवटची पायरी जुळवणीची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. टेपने मोजून उजवा स्पीकर ८० आणि डावा १४० सेंटिमीटर भरला, तर फरक ६० सेंटिमीटरचा. उजव्याला सुमारे १.७५ मिलिसेकंद उशीर द्यावा. मग गाणे डॅशबोर्डच्या मधोमध ऐकू येते.

गाडी देण्यापूर्वी फोन, पार्किंग सेन्सरची टिकटिक आणि सीट बेल्टचा इशारा ऐकून पाहावा. हे आवाज अनेक गाड्यांत स्पीकरमधूनच येतात. ते बंद पडले तर मागे उभे असलेले मूल चालकाला कळणार नाही. कोणती तार, कोणता फ्यूज आणि कुठून जोडणी केली, हे बिलावर लिहून द्यावे. पुढे दुसऱ्या कारागिराने गाडी उघडली तरी आपले काम लपवावे लागणार नाही. भडक बोर्डापेक्षा असे बिलच दुकानाला दुसरा ग्राहक आणून देते.