नवी हार्ड डिस्क बसवली, पण कॉम्प्युटर चालेना

व्यापारी बंधूंनो, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून बिल, स्टॉक, उधारी आणि रिटर्न हे सारे बहुतेक दुकानांत कॉम्प्युटरवर आले आहे. हा सारा हिशेब ज्या डब्यात राहतो ती हार्ड डिस्क. जुन्या पद्धतीच्या डिस्कची चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, म्हणजे ती झिजणारच. त्यात कापडाच्या दुकानातील तंतू पंख्यात अडकून मशीन तापते आणि विजेचे कमीजास्त होणे वेगळेच. डिस्क बदलण्याची वेळ आज ना उद्या प्रत्येकावर येते. खरी अडचण बदलल्यानंतर सुरू होते.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुनी डिस्क पुन्हा जोडल्यावर विंडोज कधी कधी विचारते की ही डिस्क फॉरमॅट करायची का, किंवा इनिशियलाइज करायची का. उत्तर 'नाही' असेच द्यावे. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर मशीन ताबडतोब बंद करून ती डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने उरलेसुरलेही जाते. डिस्क उघडून पाहू नये. धुळीचा एक कणही आतल्या चकतीला पुरेसा होतो.

आता नव्या डिस्कचे पाहू. मशीन चालू होते पण पडद्यावर काहीच दिसत नाही, नुसता बीप वाजतो, असे झाले तर दोष बहुधा डिस्कचा नसतो. डबा उघडताना हात लागून रॅम सैल झालेली असते. प्लग काढावा, रॅम बाहेर काढून पुन्हा घट्ट बसवावी. पडदा येतो पण बूट होणारी डिस्क सापडत नाही असा मजकूर दिसला, तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव आहे का ते पाहावे. नाव नसेल तर डेटाची आणि विजेची अशा दोन्ही केबली तपासाव्यात, दुसरी केबल लावून पाहावी. एम डॉट टू प्रकारची एसएसडी असेल तर आणखी एक पेच आहे: साटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार दिसायला सारखे, पण प्रत्येक खाचेत दोन्ही चालतीलच असे नाही. नाव दिसत असूनही मशीन सुरू होत नसेल तर बूटचा क्रम बदलावा. तरीही नाही झाले, तर जुनी विंडोज लेगसी पद्धतीची आणि बायोस यूईएफआयवर, किंवा त्याच्या उलट, असा प्रकार असू शकतो.

डिस्क दुसरी म्हणून जोडली आणि 'धिस पीसी'त दिसत नाही, म्हणून ती खराब समजून परत करायला निघू नका. कोरी डिस्क आपोआप दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून आधी ती नवीच आहे ना याची खात्री करावी, मग इनिशियलाइज करून व्हॉल्यूम तयार करावा. २ टीबीपेक्षा मोठी असेल तर जीपीटी हाच पर्याय निवडावा.

पाचशे जीबीची डिस्क घेतली आणि विंडोज ४६५ दाखवते, म्हणजे दुकानदाराने फसवले, अशीही तक्रार होते. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. ५०० गज कापड मीटरने मोजले तर ४५७ मीटर आणि वर थोडे भरते. कापड तेवढेच, माप वेगळे. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने.

खरा घोर लागतो तो टॅली उघडल्यावर. कंपनीच दिसत नाही! अशा वेळी नवी कंपनी तयार करण्याची घाई करू नये. पुष्कळदा डेटा जागेवरच असतो, फक्त आधीचा डी ड्राइव्ह आता ई झालेला असतो. टॅलीत डेटाचा मार्ग बदलावा किंवा डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्हचे अक्षर पूर्ववत करावे. लायसन पुन्हा चालू करावे लागू शकते, म्हणून जुनी डिस्क चालती असतानाच ते सरेंडर करून ठेवणे बरे. विंडोजचे डिजिटल लायसन मात्र मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेले असते, केवळ डिस्क बदलल्याने ते सहसा जात नाही.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली असेल तर नंतर दोन्ही जोडून ठेवू नयेत. मशीन एखादे दिवशी जुन्या डिस्कवरून सुरू होते आणि ऐन लग्नसराईत अर्धी बिले इकडे, अर्धी तिकडे होतात. मग स्टॉक जुळवताना मुनीमजींची रात्र जाते.

जुनी मराठी पत्रे उघडल्यावर भलतीच अक्षरे दिसली तर फाइल बिघडलेली नसते. तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये टाकलेला नसतो. इनपेजमधील उर्दू मजकुराचेही तेच, तो प्रोग्रॅम पुन्हा बसवल्याशिवाय उघडणार नाही. तारीख रोज मागे जात असेल आणि जीएसटीचे पोर्टल सुरक्षिततेची सूचना दाखवून अडत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा.

काढलेली डिस्क भंगारात देऊ नका. तिच्यात गिऱ्हाइकांची नावे, फोन आणि उधारी आहे, ती लोकांची अमानत आहे. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिच्या निकालानंतर एक वर्ष किंवा हे ७२ महिने, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर. डिस्क चालती असेल तर वर्ष आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून कोरड्या कपाटात ठेवावी, आणि बॅकअप एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून शेवटच्या बिलाचा नंबर जुळतो का ते पाहावे.