पहिलीचा वर्ग वाचता करताना

जिल्हा परिषदेच्या शाळांत गोष्टींची पुस्तकं नसतात असं नाही. असतात, पण कपाटात. जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत एकेका पुस्तकाची नोंद असते, आणि एखादं हरवलं तर भरून कोण देणार या धास्तीने कुलूप निघत नाही. त्यामुळे पहिलं काम अक्षरांचं नाही, मुख्याध्यापकांशी बोलण्याचं आहे. फाटलेली, झिजलेली पुस्तकं रीतसर निर्लेखित करता येतात. वर्षाअखेरीला काही पुस्तकं त्या यादीत जाणारच, हे जूनमध्येच ठरवून टाका आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तसं मांडूनही घ्या. शिक्षकाच्या मनातली भीती गेल्याशिवाय पुस्तक मुलाच्या हातात पडत नाही.

आता पुस्तकं निवडा. पहिलीसाठी मोठं चित्र, ठळक टाइप आणि पानावर एक-दोन ओळी एवढं पुरे. बारीक टाइपाची बोधकथांची जाड पुस्तकं सध्या बाजूला ठेवा. चाळीस-पन्नास पुस्तकांत वर्ग छान चालतो. दर महिन्याला त्यांतली निम्मी बदला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांतली पुस्तकं जरूर आणा. त्यांतली आई, आजी, भांडणं, रुसवे मुलांना आपल्या घरातले वाटतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली आणि प्रथम बुक्सची पुस्तकं कमी किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी मोफत उतरवून घेता येतात, आणि छापायलाही परवानगी आहे. तिसरी-चौथीसाठी बालभारतीचं ‘किशोर’ आहेच. ते 1971पासून निघतं आहे.

मांडणीला खर्च नाही. भिंतीला दोन-तीन सुतळ्या ताणून बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लावा, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. मुलं जमिनीवर बसतात, तेव्हा सर्वांत खालची सुतळी बसलेल्या मुलाचा हात पोचेल इतकीच उंच असावी. वाचता न येणारं मूल पुस्तक कण्यावरच्या नावावरून निवडत नाही, चित्रावरून निवडतं.

यापुढे रोज दोन वेगळ्या वेळा ठेवायच्या: एक गोष्टीची, एक अक्षरांची. त्यांची सरमिसळ करू नका. गोष्ट रंगात आली असताना मध्येच ‘यात म कुठे आहे दाखव’ म्हटलं की गोष्टही जाते आणि म-ही.

गोष्टीची वेळ वीस मिनिटांची. आदल्या दिवशी पुस्तक घरी एकदा मोठ्याने वाचून या. वर्गात मुलांना जवळ, अर्धगोलात बसवा. पुस्तक खांद्याच्या उंचीवर, पान मुलांकडे करून धरा. नाव वाचा, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव सांगा, मुखपृष्ठावर थोडं बोलू द्या. मग जे छापलंय तेच वाचा. आपल्या शब्दांत सांगण्याचा मोह आवरा, कारण छापलेली भाषा बोलण्यापेक्षा वेगळी असते आणि तिची सवय कानाला आधी व्हावी लागते. वर्गातल्या मुलांच्या घरी अहिराणी, कोरकू किंवा पावरी बोलत असतील, तर गोष्ट आधी त्या भाषेत सांगा. तुम्हाला येत नसेल तर गावातल्या एखाद्या ताईला किंवा मोठ्या मुलाला सांगायला लावा, आणि मग पुस्तक वाचा. वाचताना एका ठिकाणी थांबून ‘आता काय होईल?’ एवढंच विचारा. फार थांबलात तर धागा तुटतो.

गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न विचारू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याकडे गोष्टीला तात्पर्य जोडलंच पाहिजे अशी सवय पडली आहे. तो प्रश्न येणार हे मुलाला एकदा कळलं की ते गोष्ट ऐकत नाही, उत्तर शोधत बसतं. त्याऐवजी ‘कुठलं पान पुन्हा बघू या?’ म्हणा. तेच पुस्तक सलग तीन-चार दिवस वाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा येणारं वाक्य मुलं तुमच्याबरोबर म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही एखादा शब्द गाळलात तर पकडतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी सुट्टीत सुतळीजवळ लक्ष ठेवा. एखादी मुलगी तेच पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली दिसेल. बोट ओळीखालून फिरतंय, पान योग्य जागी उलटतंय, आवाजही तुमच्यासारखा काढतेय. शब्द मात्र अर्धे पुस्तकातले, अर्धे तिचे. ‘हे इथे लिहिलेलं नाही’ म्हणून तिला थांबवू नका. छापलेल्या खुणांतून गोष्ट निघते हे तिला उमगलं आहे. पुढचं सगळं शिकणं यावरच उभं राहतं.

आता अक्षरांची वेळ: साधारण चाळीस मिनिटं. क ते ज्ञ सगळी मुळाक्षरं आधी घोटायची, मग बाराखडी आणि त्यानंतर शब्द, या क्रमाने मुलाला अर्थाचा शब्द भेटायला महिने लागतात. त्यापेक्षा पाच-सहा अक्षरांचे गट करा आणि एखादं स्वरचिन्ह पहिल्या गटापासूनच सोबत घ्या. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यातली ‘क्वेस्ट’ यांच्या कामातून ही वर्णसमूहांची पद्धत अनेक शिक्षकांना माहीत झाली आहे. उदाहरणार्थ क, म, न, र, ल, त ही अक्षरं आणि काना घ्या. एवढ्यात काका, मामा, कान, नाक, मका, ताक, रात, लाल हे शब्द होतात आणि ‘मामा रानात’ असं सबंध बोलणंही वाचता येतं. पहिल्या पंधरवड्यात मुलाने काहीतरी अर्थाचं वाचलं, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

प्रत्येक अक्षर आधी कानाला, मग डोळ्याला. ‘मका, मासा, मांजर, तोंडात पहिला आवाज कुठला आला?’ हे खेळून झालं की फळ्यावर म काढा. मग मुलांनी तो फरशीवर खडूने, पाटीवर, धुळीत बोटाने काढायचा. घ-ध, भ-म, ब-व, थ-य अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एका गटात घेऊ नका. एक पक्कं झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरं आणा. वेलांटीत दीर्घ आधी घ्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहिली जाते आणि उच्चार मात्र अक्षराच्या मागून येतो, त्यामुळे ‘किती’सारख्या शब्दाशी मुलं अडखळतात. तिथे वेळ द्या, रागावू नका. जोडाक्षरं दुसरीत नीट घेता येतात. पण वर्गात प्रज्ञा किंवा आर्या असेल, तर तिचं नाव तिला पहिल्याच आठवड्यात लिहून द्या. आपलं नाव ओळखायला नियम शिकावे लागत नाहीत.

आठवड्यातून दोनदा मुलांचं बोलणं फळ्यावर लिहा. कुणी म्हणेल, ‘आमची शेळी रातीच व्याली. दोन पिल्लं झाली.’ तसंच लिहा. ‘रातीच’चं ‘रात्रीच’ करू नका. आपण बोललो ते फळ्यावर उतरलं आणि उद्या पुन्हा वाचता आलं, हे बघितल्यावर मूल लिहायलाही मागे राहत नाही.

दर शनिवारी पुस्तकं घरी जाऊ द्या. देवघेवीची वही तिसरी-चौथीच्या मुलांकडे सोपवा. ती ही जबाबदारी मन लावून पाळतात. फाटलेली पानं चिकटपट्टीने आणि सुई-दोऱ्याने त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. पालकांना वाचता येत नसेल तर त्यांना एवढंच सांगा: संध्याकाळी पोराला जवळ घ्या आणि चित्रं बघत त्याची गोष्ट ऐका. दोनशिक्षकी शाळेत सगळे वर्ग एकत्र बसतात, त्याचा फायदा घ्या. चौथीचं मूल पहिलीच्या मुलाला वाचून दाखवतं, तेव्हा दोघांचंही वाचन पुढे जातं. रोज पंधरा मिनिटं सगळ्यांनी आपापलं पुस्तक घेऊन बसायचं, शिक्षकानेही. त्या वेळात माहितीचे तक्ते भरू नका. मोठं माणूस आवडीने वाचताना बऱ्याच मुलांनी घरी पाहिलेलंच नसतं.

15 ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपल्याकडे 2015पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणं कमी ठेवा आणि पालकांना बोलावून मुलांना त्यांच्यासमोर वाचू द्या.

महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला जवळ बसवून दोन मिनिटं न पाहिलेला मजकूर वाचायला द्या. पाठ्यपुस्तक नको, ते अनेकांना पाठ असतं. कुठे अडतं ते वहीत टिपा. वर्गात जाहीर करू नका. निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत समजून वाचता येण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्या घाईत मागे पडलेल्या मुलांना गोष्टीच्या वेळी वेगळं बसवून अक्षरं घोटायला लावण्याची चूक सहज होते. गोष्टीची गरज त्यांनाच सर्वांत जास्त आहे. त्यांचा जादा सराव अक्षरांच्या वेळेतच बसवा.

एप्रिलअखेर निकालपत्रकाबरोबर प्रत्येक मुलाच्या हातात दोन पुस्तकं द्या, एक त्याला सहज वाचता येणारं आणि एक थोडं वरच्या पायरीचं. शेजारपाजारच्या मुलांनी आपसात बदलून घ्यावीत असंही सांगा. सुटीच्या दीड महिन्यात काहीच हाती पडलं नाही तर कच्चं वाचन विसरलं जातं. जूनमध्ये काही पुस्तकं परत येणार नाहीत. ती कुणाच्या तरी घरात आहेत, एवढं पुरेसं समजा आणि नवी मागवा.