एक मिलीसेकंदाचा मॉनिटर : आकडा वाचायला शिकू या

कॅडेट मित्रांनो, या वेळच्या पाठाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या एका कॅडेटच्या वडिलांचा फोन आला. ते सुभेदार आहेत, नेमणूक बबिन्याला आणि कुटुंब झाशीत. म्हणाले, ‘‘सर, दुकानात उभा आहे. मुलीची बारावी आहे आणि सुट्टीत मुलगाही वापरेल, म्हणून मॉनिटर घेतोय. एकावर पाच मिलीसेकंद लिहिलंय, दुसऱ्यावर एक. दुसरा चार हजारांनी महाग आहे. कोणता घेऊ?’’ मी तासाला निघालो होतो. घाईत सांगून टाकले, ‘‘साहेब, आकडा कमी तेवढा चांगला. एकवाला घ्या.’’

सुट्टीनंतर तो कॅडेट वर्गाबाहेर थांबून म्हणाला, ‘‘सर, नव्या मॉनिटरवर फुटबॉल बघताना चेंडूमागे पांढरी शेपटी दिसते. अंधाराचं दृश्य असलं की सावल्या ओढल्यासारख्या वाटतात. ताईचा जुना मॉनिटर बरा होता.’’ चार हजार रुपये माझ्या एका वाक्यावर खर्च झाले होते. पुढच्या रविवारी मोठहून कानपूर रस्त्याने झाशीला गेलो आणि तो मॉनिटर स्वतः पाहिला. तिथे जे लक्षात आले, तोच आजचा पाठ.

तीन वेगळे वेळ

मॉनिटरच्या बाबतीत तीन गोष्टींची सारखी गल्लत होते. परेड मैदान डोळ्यांसमोर आणा. उस्तादांचा हुकूम शेवटच्या रांगेच्या कानावर पडेपर्यंत जो वेळ जातो, तो इनपुट लॅग. म्हणजे माऊस हलवल्यापासून पडद्यावर बदल सुरू होईपर्यंतचा उशीर. हुकूम ऐकल्यापासून बूट उचलून जमिनीवर टेकेपर्यंतचा वेळ, तो रिस्पॉन्स टाइम. म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याला, पिक्सेलला, एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. आणि उस्ताद ठरावीक वेळात किती हुकूम देतात, तो रिफ्रेश रेट. म्हणजे पडदा सेकंदाला किती नवी चित्रे दाखवतो.

६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. १००० ला ६० ने भागा : एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलीसेकंद येतात. १०० हर्ट्झला १० आणि १४४ हर्ट्झला साधारण ६.९. पहिला हुकूम पुरा होण्याआधी दुसरा आला तर तुकडी विस्कटते. तसेच पिक्सेल बदलून पुरा होण्याआधी पुढचे चित्र आले, तर जुन्या चित्राची सावली मागे राहते. तिला घोस्टिंग म्हणतात.

पिक्सेलला वेळ का लागतो?

एलसीडी पडद्यात द्रवरूप स्फटिकांचा पातळ थर असतो. विजेचा दाब बदलला की त्याचे रेणू वळतात आणि मागचा प्रकाश कमी-जास्त सुटतो. रेणू वळायला वेळ लागतो, आणि प्रत्येक बदलाला तो सारखा लागत नाही. काळ्यातून पांढऱ्यात जाताना दाबातला फरक मोठा असल्याने ढकलही जोरात मिळते. गडद करड्यातून थोड्या कमी गडद करड्यात जाताना ती हलकी असते, म्हणून वेळ जास्त लागतो. व्हीए प्रकारच्या पडद्यात हे विशेष जाणवते. अंधाराच्या दृश्यात सावल्या ओढल्यासारख्या वाटण्याचे कारण हेच.

थंडीतही हा द्रव घट्ट होतो आणि रेणू सावकाश वळतात. जानेवारीच्या धुक्यात सकाळच्या पहिल्या तासाला पडदा सुस्त वाटला, तर तो आधी थोडा गरम होऊ द्या. अति थंड जागी वापरायच्या एलसीडी पडद्यांना हीटर जोडतात, तेही याचसाठी.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर ‘१ एमएस’ दिसले की त्यापुढची अक्षरे वाचा.

‘जीटीजी’ लिहिले असेल, तर तो एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जाण्याचा वेळ. बहुधा तो बदल १० टक्के झाल्यापासून ९० टक्के होईपर्यंतच मोजतात, सुरुवात आणि शेवट सोडून देतात. शिवाय छटांच्या कितीतरी जोड्या असताना खोक्यावर सहसा सर्वांत जलद जोडीचा आकडा येतो. वर्गातल्या सर्वांत वेगवान धावपटूची वेळ सांगून ‘आमच्या वर्गाची वेळ’ म्हणावे, तसे हे आहे.

‘एमपीआरटी’ लिहिले असेल, तर गोष्टच निराळी. पिक्सेल क्षणार्धात बदलला तरी चित्र पुढच्या चित्रापर्यंत जागीच थांबते, पण आपली नजर हलत्या वस्तूबरोबर पुढे सरकत असते. त्यामुळे डोळ्यात चित्र फासले जाते. हिशेब करा : १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा चेंडूने २ सेकंदांत पार केला, तर वेग सेकंदाला ९६० पिक्सेल. ६० हर्ट्झवर एका चित्राच्या काळात नजर १६ पिक्सेल सरकते, म्हणून चेंडू साधारण १६ पिक्सेल पुसट दिसतो. १२० हर्ट्झवर ८. ओएलईडी पडद्याचे पिक्सेल एका मिलीसेकंदाहून कमी वेळात बदलतात, तरी त्यांनाही हा नियम चुकत नाही. हा पुसटपणा घालवण्यासाठी काही मॉनिटर मागचा दिवा भराभर उघडझाप करतात. त्यातून ‘१ एमएस एमपीआरटी’ मिळते. मात्र पडदा मंद होतो आणि काहींचे डोळे दुखतात.

सुभेदारसाहेबांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत हेच लिहिले होते. आणि ती सोय मेनूत बंदच होती! ज्या आकड्यासाठी चार हजार जास्त मोजले, तो एक दिवसही वापरात आला नव्हता.

पांढरी शेपटी

ती दुसऱ्या कारणाने येत होती. रेणू लवकर वळावेत म्हणून मॉनिटर त्यांना गरजेपेक्षा जोराचा धक्का देतो. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. ‘दाहिने मुड’ ऐकून एखादा उत्साही कॅडेट जास्तच वळतो आणि मग हळूच जागेवर येतो, पाहिले आहे ना? धक्का फार झाला की पिक्सेलही हव्या त्या छटेच्या पुढे जाऊन परत येतो. वस्तूमागे उजळ कडा दिसते ती यामुळे. त्या मॉनिटरवर हा धक्का सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलेला होता. मी मधल्या पायरीवर आणला आणि शेपटी गेली. मॉनिटर १०० हर्ट्झचा असून संगणक त्याला ६० वर चालवत होता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १०० निवडले. अंधाऱ्या दृश्यातली सावली थोडी उरली. ती त्या पडद्याच्या जातीतली आहे, जाणार नाही.

मग घ्यावा कोणता?

माणसाला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण २०० ते २५० मिलीसेकंद लागतात. एक आणि पाच यांतला फरक चार मिलीसेकंदांचा. अभ्यास, टंकलेखन, प्रोग्रामिंग, व्हिडिओवरचे तास यांसाठी पाच मिलीसेकंद जीटीजीचा, ७५ किंवा १०० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत उंची बदलणारा स्टँड आणि बरी खुर्ची बघा. मानेला त्याचा उपयोग रोज होईल. वेगवान खेळांसाठी घेत असाल, तर आधी रिफ्रेश रेट बघा, मग रिस्पॉन्स टाइम. २०२२ मध्ये व्हेसा या संस्थेने ‘क्लिअरएमआर’ हे प्रमाणपत्र सुरू केले. त्यात हलत्या चित्रातल्या स्पष्ट आणि पुसट पिक्सेलचे गुणोत्तर मोजतात. खोक्यावर ते असेल तर एकट्या ‘१ एमएस’पेक्षा त्यावर भरवसा ठेवा.

दुकानात दोन मिनिटांची परीक्षा घ्या. गडद पार्श्वभूमीवरचा मजकूर वर-खाली सरकवा आणि अक्षरांमागे नजर ठेवा. गडद सावली दिसली तर पिक्सेल सुस्त आहेत, उजळ कडा दिसली तर ओव्हरड्राइव्ह जास्त आहे. मेनूत तो कमी करून पुन्हा बघा.

सुभेदारसाहेबांना मी स्पष्ट सांगितले, ‘‘साहेब, पाचवाला पुरला असता. चूक माझी.’’ ते हसले आणि म्हणाले, ‘‘सर, आता पलटणीत कुणी विचारलं तर मी सांगेन.’’ पालकांनो, तुम्हीही फोन जरूर करा. यापुढे मी आधी विचारीन, ‘‘खोक्यावर त्या आकड्यापुढे काय लिहिलंय, ते वाचून दाखवा.’’

सराव

१. ७५ हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्राला किती मिलीसेकंद मिळतात?
२. गडद छटांच्या बदलाला १४ मिलीसेकंद लागतात. १०० हर्ट्झवर तो बदल पुढच्या चित्राआधी पुरा होईल का?
३. वस्तू सेकंदाला १२०० पिक्सेल वेगाने जाते. १०० हर्ट्झवर ती सुमारे किती पिक्सेल पुसट दिसेल?

(उत्तरे : १. सुमारे १३.३ २. नाही, कारण फक्त १० मिळतात ३. १२)