नुसता पत्ता देऊन येऊ नकोस

अगं, काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपच लागेना. स्टँडच्या मागच्या भिंतीला टेकून बसणारे ते काका डोळ्यांपुढून हलेनात. दोन्ही पाय अधू, बेअरिंगच्या फळीवर बसून, हातांत चपला घालून सरकत जाणारे. "ताई, यांना कुठं नेऊ?" असं विचारलंयस. सांगते, पण न्यायचं नंतर. आधी त्यांच्या शेजारी जमिनीवर बस.

खरंच बस. उभ्या उभ्या विचारपूस केलीस तर तू त्यांना पोलिसांकडची नाहीतर महापालिकेची वाटशील. आपल्याकडं १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. गाडी येते आणि उचलून नेते, ही धास्ती रस्त्यावर राहणाऱ्याच्या मनातून जात नाही. त्यामुळं पहिल्या दिवशी नाव विचार, गाव विचार, चहा घ्या म्हण. कागदांचं नावही काढू नकोस. विश्वास बसला की तेच आतल्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढून दाखवतील. एखादं जुनं रेशनकार्ड, एखादी दवाखान्याची चिठ्ठी. त्या पिशवीला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नकोस.

मी या कामात नवी होते तेव्हा एका आजोबांना निवाऱ्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला, रिक्षाचे पैसे हातावर ठेवले आणि समाधानानं घरी आले. चार दिवसांनी पाहते तर आजोबा पुन्हा पुलाखाली. निवारा होता पहिल्या मजल्यावर. संडासात धरायला काही नाही. रात्रीचा माणूस म्हणाला होता, "यांचं करणार कोण?" आजोबांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, उलट "तू केलंस पोरी, बास" म्हणाले. ते अजून टोचतं. त्या दिवसापासून मी पत्ता देत नाही, बरोबर जाते.

तूही आधी एकटी जाऊन निवारा बघून ये. शहरात एक लाख वस्तीमागे चोवीस तास उघडा असा एक तरी निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. तेव्हा महापालिकेत विचारायला अजिबात संकोचू नकोस. शहरी गरिबांच्या योजना बघणाऱ्या टेबलावर 'बेघर निवारा' एवढं म्हटलं की पुरे. तिथं गेलीस की पायऱ्या मोज. संडासाचं दार उघडून बघ, फळी आत जाईल का, भिंतीला दांडी आहे का. बोचकं ठेवायला कुलपाची जागा आहे का, हेही विचार. कित्येकजण केवळ सामान जाईल म्हणून निवाऱ्यात यायला नकार देतात. आणि काकांची बायको बरोबर असेल तर दोघांची ताटातूट होणार नाही ना, हे पक्कं कर.

कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूकांचं नाव तू ऐकलं असशील. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या या बाईंनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. दार किती रुंद हवं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्याला मात्र ते मुद्दाम बघावं लागतं.

आता कागद. पत्ता नाही म्हणून आधार अडत असेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचं प्रमाणपत्र चालतं. काकांचे ठसे मशीनवर उमटणार नाहीत याची तयारी ठेव, हातांवर चालून बोटं गुळगुळीत झालेली असतात. केंद्रावरचा मुलगा "होत नाही" म्हणाला तर उठून येऊ नकोस, डोळ्यांच्या बुबुळांवरूनही नोंद होते, ती करायला सांग.

आधार झालं की अपंगत्वाचा दाखला. 'स्वावलंबन'च्या वेबसाइटवर अर्ज भरायचा आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणीला जायचं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्तीचा दाखला मिळाला की बरीच दारं उघडतात. तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. घरकुलांच्या सरकारी योजनांत अशा माणसांसाठी पाच टक्के राखीव ठेवायचे आहेत, त्यातही बायकांना आधी. घरकुलाच्या अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना भरलाय का, स्वतः वाचून बघ. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. घर मात्र लगेच मिळेल असं काकांना चुकूनही सांगू नकोस. यादी लांब असते, आणि त्यांना आजवर खोटी आशा पुष्कळांनी लावलेली असणार.

तू लिहिलंयस, त्याच स्टँडवर एक बाई स्वतःशीच बोलत फिरतात. त्यांचं वेगळं आहे. अशा माणसाला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोचवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पोलीस ठाण्याचं काम ठरवलंय, तेव्हा तिथं मागणं लेखी दे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था वर्षानुवर्षं अशा माणसांना बरं करून त्यांच्या घरी पोहोचवते. त्या बाईंचंही कुठंतरी घर असेल, कुणीतरी शोधत असेल. त्यांच्याविषयी आपण उद्या सविस्तर बोलू.

काकांसाठी सिव्हिलला फोन करून हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी तपासतात ते आजच विचारून घे. सकाळी लवकर निघा. पाण्याची बाटली, दोन फोटो, कागदांच्या झेरॉक्स आणि त्यांची दुधाची पिशवी, ती त्यांच्याच खिशात. रांगेत चार तास जातील, तेव्हा संडास कुठं आहे ते पोहोचल्या पोहोचल्या बघून ठेव. रिक्षावाला म्हणेल, फळी इथंच राहू द्या, येताना घेऊ. ऐकू नकोस. फळी आत बसत नसेल तर दुसरी रिक्षा कर.