दिवा लवकर का जातो?

डहाणू तालुक्यातील वाढवण हे समुद्रकाठचे गाव आहे. येथे मोठे बंदर होऊ घातले आहे. त्याची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. बंदराला मच्छीमारांनी केलेला विरोधही तितकाच गाजला. पण आजचा आपला विषय बंदर नाही. या गावात काही घरांतून दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, कोरण्याचे काम चालते. हे काम फार बारीक असते. रात्री काम करताना अचानक दिवा गेला, तर हात चुकतो आणि साचा बिघडतो. दिवा किती दिवस टिकेल, हा प्रश्न अशा घरात पोटापाण्याचा असतो.

दिवा बंद पडला की मराठीत 'दिवा गेला' किंवा 'बल्ब उडाला' म्हणतात. तो कोठेही उडून जात नाही, जागच्या जागीच असतो!

सरकारने 2015 साली 'उजाला' योजना सुरू केली आणि एलईडी दिवे स्वस्तात घरोघरी पोहोचले. या दिव्यांच्या खोक्यावर पुष्कळदा '25,000 तास' असे छापलेले असते. रोज सहा तास दिवा लावला, तर हे आयुष्य अकरा वर्षांहून अधिक होते. मग काही दिवे वर्षभरातच का जातात?

या दिव्याच्या आत एका पातळ पत्र्यावर लहान लहान पिवळे ठिपके असतात. प्रकाश तेच देतात. छापलेले तास मुख्यतः या ठिपक्यांचे असतात. इतक्या तासांनंतरही ते सुरुवातीच्या सुमारे 70 टक्के प्रकाश देतील, असा त्याचा अर्थ. परंतु दिव्यात दुसराही भाग असतो. घरात येणारी वीज 230 व्होल्टची आणि दिशा बदलणारी असते. ठिपक्यांना मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हा बदल करणारे छोटे यंत्र दिव्याच्या मानेत बसवलेले असते. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पुष्कळदा आधी तेच बिघडते.

याचे मोठे कारण उष्णता. जुन्या बल्बची तार दोन हजार अंशांहून अधिक तापत असे, पण ती उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडे. एलईडीची उष्णता तशी जात नाही. ती पत्र्यातून मागे, मानेकडे जाते. ड्रायव्हरमधील कपॅसिटरमध्ये एक ओलसर द्रव असतो. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. द्रव सुकला की दिवा मिचमिचू लागतो. म्हणून काचेच्या बंद हंडीत लावलेला दिवा लवकर जातो. उघड्यावरचा जास्त टिकतो.

दुसरी गोष्ट लोभाची आहे. स्वस्त दिव्यात ठिपके कमी घालतात आणि प्रत्येकातून जास्त वीज खेळवतात. ठिपके एकाच माळेत असतात. त्यामुळे एक जळला तरी बहुधा सगळे विझतात. उघडून पाहिले तर त्या एकावर काळा डाग दिसतो. (चालू दिवा मात्र कधी उघडू नये.) याच्या उलट करून दाखवणारा दिवा दुबईसाठी 2016 साली तयार झाला. त्यात प्रकाश देणारे भाग जास्त आणि त्यांतून जाणारी वीज कमी. तीन वॅटचा तो दिवा 600 ल्यूमेन प्रकाश देतो आणि कमी तापतो. म्हणजे टिकाऊ दिवा बनवता येत नाही असे नाही. तो बनवायला खर्च जास्त येतो.

समुद्रकाठी आणखी एक शत्रू असतो. खाऱ्या हवेने होल्डरच्या पितळेवर हिरवा थर चढतो व स्प्रिंग गंजते. मग जोड सैल पडतो, बारीक ठिणग्या उडतात आणि ड्रायव्हरला सारखे धक्के बसतात. पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडून न्यूट्रल तार तुटली, तर 230 व्होल्टऐवजी 400 व्होल्टपर्यंत दाब घरात येऊ शकतो. तेव्हा एका क्षणात घरातील सगळे दिवे जातात. अशा वेळी दिव्यांना दोष देऊन उपयोग नाही. आधी मुख्य बटण बंद करावे आणि वायरमनला बोलवावे.

दिवा घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. हमी किती वर्षांची आहे, ते विचारावे व पावती जपून ठेवावी. एकाच जागेचे दिवे वारंवार जात असतील, तर नवा दिवा आणण्याआधी वीज बंद करून जाणत्या माणसाकडून होल्डर बदलून घ्यावा. हमी संपलेला दिवाही लगेच फेकू नये. अनेक बाजारांत दिवे दुरुस्त करणारे कारागीर असतात, ते जळलेला ठिपका किंवा ड्रायव्हर बदलून देतात.