दातांवरचे किटण : जाळे डीएनएचे, गाठी कॅल्शियमच्या

पावसाळ्यात गडनदीच्या किंवा जानवली नदीच्या पाण्यात उतरताना पाय जपून टाकावा लागतो, कारण दगड बुळबुळीत झालेले असतात. चार दिवस न घासलेल्या कळशीतून बोट फिरवले तरी तोच बुळबुळीतपणा हाताला लागतो. हा थर नुसत्या मातीचा किंवा शेवाळाचा नसतो. त्यात असंख्य जिवाणू एकमेकांना धरून राहतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो मेणचट थर जाणवतो, तो याच जातीचा. 1683 साली हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरची घाण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांना तीत वळवळणारे जीव दिसले होते.

थर टिकतो कसा?

जिवाणू आपल्याभोवती एक चिकट पदार्थ तयार करतात. त्यात साखरेच्या जातीचे पदार्थ, प्रथिने आणि डीएनए असतो. डीएनए म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारा धागा. त्याची जागा पेशीच्या आत. परंतु जिवाणू मरून फुटले की हे धागे बाहेर पडतात. काही जिवाणू ते जिवंतपणीही बाहेर टाकतात. 2002 साली असे दिसून आले की डीएनए तोडणारे विकर घातले तर एका जिवाणूचा कोवळा थर विरघळतो. जुना झालेला थर मात्र त्याला दाद देत नाही.

आता कॅल्शियमचे काम पाहू. डीएनएच्या धाग्यावर ऋण विद्युतभार असतो आणि जिवाणूंच्या पृष्ठभागावरही बहुधा ऋणच. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. कॅल्शियमच्या कणावर दोन धन भार असतात. त्यामुळे तो दोन्ही बाजूंना धरून ठेवू शकतो. मच्छीमाराच्या जाळ्यात दोरे असतात तसा डीएनए, आणि दोऱ्यांच्या गाठी म्हणजे कॅल्शियम. 2014 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरनिराळ्या जिवाणूंवर प्रयोग केले. डीएनए असताना कॅल्शियममुळे जिवाणू अधिक गोळा झाले, पण डीएनए काढून टाकल्यावर नुसत्या कॅल्शियमचा तसा परिणाम झाला नाही. दोरेच नसतील तर गाठ मारणार कशाला?

अशा थरातील जिवाणूंना औषधे सहज मारू शकत नाहीत. काही प्रतिजैविके तर डीएनएलाच चिकटून वाटेत अडकतात. म्हणूनच हिरड्या सुजल्या की दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणे हा उपाय नव्हे.

मऊ थराचा दगड

तोंडात कॅल्शियम दुसरेही काम करते. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट या मऊ थरात साचते आणि काही दिवसांतच तो कडक होऊ लागतो. हेच किटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला लाळग्रंथींची तोंडे उघडतात, म्हणून तेथे ते लवकर धरते. किटणाच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर बसतो, हिरडीतून रक्त येते आणि पुढे दाताला धरणारे हाडही झिजते. मधुमेह असेल तर हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांच्या विकाराने रक्तातील साखरही आटोक्यात राहत नाही.

यावरून कोणी दूध, नाचणी किंवा काट्यासह खाल्ली जाणारी बारीक मासळी सोडू नये. आहारातील कॅल्शियम कमी केल्याने किटण थांबत नाही. नुकसान होते ते हाडांचे.

एक गैरसमज

‘दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात’ असे अनेकजण मानतात आणि या भीतीने दंतवैद्याकडे जाणे टाळतात. खरे तर हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झालेले असतात. किटणाने ते एकमेकांशी सांधल्यासारखे राहतात आणि किटण निघाल्यावर सैलपणा कळतो, इतकेच. साफ करणे लांबवले तर हाड आणखी झिजते आणि वाचू शकणारा दातही जातो.

काय करावे?

1. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दोन मिनिटे दात घासावेत. दातांची आतली बाजू आणि हिरडीची कड विसरू नये. नुसती चूळ भरून थर निघत नाही.

2. मशेरी लावू नये. तंबाखूने हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

3. किटण घरी सुईने, पिनेने खरवडू नये. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे.

4. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करू नये. हलक्या हाताने घासत राहावे आणि दंतवैद्याला दाखवावे.

कळशी नुसती विसळून भागत नाही, सोडण घेऊन घासावीच लागते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. दातांचेही तसेच आहे. थर मऊ आहे तोवर तो आपल्या हातात आहे. कडक झाल्यावर तो दंतवैद्याचे काम होतो.